दगडी चाळ ते नागपूर जेल आणि परत : भाई चढतो कशाने, पडतो कशाने?

सातरस्त्याचा_पाहुणा | ४ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

घरचा गणपती मंगळवारी गौरींबरोबर गेला. काल मखराचे पुठ्ठे आवरत होतो, तेवढ्यात चिरंजीवांनी (वय १६) मोबाईल नाकासमोर धरला. डॉन अरुण गवळी नागपूरच्या तुरुंगातून सुटून भायखळ्याच्या दगडी चाळीत, म्हणजे त्याच्या घरी, पोचल्याची रील. गर्दी, घोषणा, मागे कुठलंतरी धडाम धडाम संगीत. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, तुम्ही इथेच राहायचात ना? म्हणजे हे आपले का?"

"आधी तो पुठ्ठा धर" म्हणून वेळ मारून नेली. पण डोक्यातला भुंगा जाईना.

आम्ही सात रस्त्याचे. वडील गिरणीत साच्यावर. १९८२ च्या गिरणी संपानंतर मिळेल ते काम करत त्यांनी नऊ वर्षं काढली आणि १९९१ मध्ये खोली विकून आम्ही ठाण्याला, वर्तकनगरला आलो. मी तेव्हा नववीत. म्हणजे 'भाई' ही काय चीज असते ते मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी कळलं होतं. कोणाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, कोणत्या गल्लीत सायकल हळू चालवायची, कोण आल्यावर कट्ट्यावरून उठायचं, हे सगळं न शिकवता येत होतं. तरी मुलाला दोन वाक्यांत सांगता आलं नाही.

तर प्रश्न असा. गिरणगावातला एक साधा पोरगा एवढा मोठा होतो कसा? आणि पडतो तो नेमका कशाने? गोळीने नाही, हे तर दिसतंच आहे. पिक्चरची नावं सुचवू नका, पोराचे सगळे बघून झालेत. सगळी पंचाईत तिथेच आहे.

कोपरीकर | रात्री १०.५२

पहिला! धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवांत_नितीन | रात्री ११.०५

कंपनी नाक्यावरून बोलतोय. भाई चढतो फ्लेक्सने आणि पडतो महापालिकेची गाडी आली की. तीन हात नाक्यावर सध्या सहा भाई गॉगल लावून उभे आहेत, खाली 'शुभेच्छुक' म्हणून अठ्ठावीस पासपोर्ट फोटो.

मीनल_डोंबिवली | रात्री ११.१०

हहपुवा :D

चिंचपोकळीचा_जावई | ५ सप्टेंबर, सकाळी ९.२०

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक दुरुस्ती. संपामुळे टोळ्या जन्मल्या असं सरसकट लिहिलं जातं. तसं नाही. भायखळा-आग्रीपाड्यात बाबू रेशीम, रामा नाईक आणि गवळी हे त्रिकूट संपाआधीपासून होतं. मटक्याचे अड्डे, दारूचे गुत्ते आणि त्यांचं 'संरक्षण', असा धंदा. तिघांच्या नावांवरून बीआरए म्हणायचे. संपाने काय केलं, तर या टोळ्यांच्या दाराशी माणसं आणून उभी केली. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाही. घरात बाप बसून, आई पापड लाटतेय, मोठा भाऊ कट्ट्यावर. अशा वेळी कोणी येऊन "नुसतं उभं राहायचं, शंभर रुपये" म्हणालं की काय होतं ते मी माझ्या सासुरवाडीच्या चाळीत ऐकलंय.

पुढची गोष्ट कोणी नीट सांगत नाही. वरचे एकेक गळत गेले. बाबू रेशीमला १९८७ मध्ये पोलीस कोठडीत घुसून मारलं, तेही तुमच्या सात रस्त्याच्याच. रामा नाईक १९८८ मध्ये पोलीस चकमकीत गेला. उरला तिसरा. त्याच्या मोठं होण्यातला अर्धा भाग हा फक्त शिल्लक राहण्याचा आहे. पिक्चरवाले त्यालाच कर्तृत्व म्हणून दाखवतात.

रामाच्या मरणामागे दाऊद आहे असं या बाजूने धरलं. १९९० मध्ये गवळीचा भाऊ किशोर मारला गेला आणि वैर पक्कं झालं. १९९२ च्या जुलैत दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर मारला गेला. त्याचा सूड म्हणून १२ सप्टेंबरला थेट जेजे रुग्णालयात घुसून गोळीबार झाला, त्यात गवळीचा माणूस शैलेश हळदणकर आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीस मेले. रुग्णालयात! त्या दोन पोलिसांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? मला नाहीत.

वागळे_इस्टेट | सकाळी १०.०२

जावई, प्रतिसाद आवडला, पण "परिस्थितीने भाई झाला" हे मला कधीच पटलेलं नाही. अडीच लाखांतले भाई झाले किती? पाचशे? हजार? बाकीच्यांचं काय? माझे वडील संपानंतर वागळे इस्टेटीत एका कारखान्यात वॉचमन झाले. साच्यावर बारा वर्षं काढलेला माणूस गेटवर सलाम ठोकायचा. काका दादरला फुलं विकायचे. त्यांनी कोणाच्या कानशिलाला घोडा लावला नाही. त्यांच्यावर पिक्चर पण निघत नाही.

कोपरीकर | सकाळी १०.१०

+१. फुलं विकणाऱ्याची रील कोण बघणार.

भगवा_वादळ_९९ | सकाळी ११.३५

सगळे शहाणे गोळा झालेत. तो होता म्हणून मराठी माणूस त्या पट्ट्यात ताठ मानेने जगला. नाहीतर दुबईवाल्याने भायखळा कधीच गिळला असता. चाळीतल्या पोरींकडे वाकड्या नजरेने बघायची हिंमत नव्हती कोणाची. नवरात्रीत दगडी चाळीच्या देवीला अख्खी मुंबई लोटते ती उगाच नाही. आपला तो आपला.

सातरस्त्याचा_पाहुणा | सकाळी ११.५०

@भगवा_वादळ, नवरात्रीला मी स्वतः आईचं बोट धरून गेलोय. देवी सुंदर असायची यात वाद नाही. 'आपला' या शब्दावरच माझी गाडी अडलीय.

मीनल_डोंबिवली | दुपारी १२.३०

मला 'आपला-परका' समजत नाही, टेलिफोन समजतो.

माझे बाबा डॉक्टर, डोंबिवली पूर्वेला छोटं नर्सिंग होम. सन १९९८. रात्री साडेनऊला लँडलाईन वाजली. समोरचा अतिशय सभ्य मराठीत बोलत होता. "डॉक्टरसाहेब, तुमची मुलगी क्लासवरून पावणेनऊला येते ना? चांगली हुशार आहे." ती मुलगी मी. मग म्हणाला दोन पेट्या. बाबांना पेटी म्हणजे लाख हे माहीत नव्हतं, ते बिचारे म्हणाले "कसली पेटी, आंब्याची?" समोरचा हसला म्हणे. त्या हसण्याची बाबांना जास्त भीती वाटली.

कोणाच्या टोळीचा ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कदाचित कोणाच्याच नसेल, नुसतं नाव वापरून फोन करणारेही पुष्कळ होते. बाबांनी पैसे दिले की नाही ते आजही सांगत नाहीत. एवढंच आठवतं की महिनाभर मला आणायला कंपाउंडरकाका यायचे, आणि घरी नंबर दाखवणारं यंत्र बसलं. फोन आला की आम्ही सगळे आधी त्या हिरव्या आकड्यांकडे बघायचो.

माणूस मराठी होता. अगदी शुद्ध मराठी.

खारघरची_ताई | दुपारी १२.४४

अंगावर काटा आला मीनल.

कोपरीकर | दुपारी १२.५०

त्या काळात ठाणे-डोंबिवलीत सुरेश मंचेकरच्या नावाची दहशत होती. तो २००३ मध्ये कोल्हापुरात पोलिसांच्या गोळीने मेला. आमच्या कोपरीत एका दुकानदाराने त्या दिवशी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी घाबरून "पोरगा पास झाला म्हणून वाटले" असं सांगत फिरला. ऑगस्टमध्ये कसला निकाल, देव जाणे.

दिवाळेगावकर | दुपारी ३.१५

मी बेलापूरजवळच्या गावातला, आगरी-कोळी पट्ट्यातला. थोडं आमच्या बाजूचं सांगतो, धाग्याशी संबंध आहे, धीर धरा.

मुंबईचे सगळ्यात जुने 'भाई' वाढले ते दारूबंदीवर. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हातभट्टीला सोन्याचे दिवस आले. वरदराजन मुदलियार बोरीबंदरला हमाल होता, तो धारावी-माटुंग्याचा 'वरदाभाई' झाला तो याच दारूवर. भट्ट्या लावायला काय लागतं? पाणी, लाकूड, गूळ आणि कोणी येणार नाही अशी जागा. आमची खाडी आणि तिवरं म्हणजे जणू सरकारने बांधून दिलेला कारखाना. आजोबा सांगायचे, भरती बघून पिंपं पाण्याखाली चिखलात दाबायची, एक्साइजवाले आले की नुसतं पाणी दिसायचं. फायदा कोणाला? पिंप दाबणाऱ्याला रोजाचे पैसे, मुंबईतल्या भाईला बंगला. माटुंगा स्टेशनबाहेर वरदाचा गणपती बसायचा, त्याची रोषणाई बघायला आमचे लोक गाडी करून जायचे. आपल्याच पैशांची रोषणाई!

तो पडला कसा? वाय. सी. पवार नावाच्या अधिकाऱ्याने ऐंशीच्या दशकात एकेक अड्डा बंद करत आणला. गोळीबिळी नाही. धंद्याची मुळं तोडली. वरदा मद्रासला गेला, तिथेच १९८८ मध्ये वारला.

आता मुद्दा. नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० मध्ये. आमच्या भातशेत्या, मिठागरं गेली. गिरणी कामगारांचा जसा रोजगार गेला तशी आमची जमीन गेली. पण आमच्याकडे दि. बा. पाटलांसारखे नेते होते. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना आली. तेव्हा वागळे_इस्टेट, परिस्थिती सगळ्यांची सारखी असते हे खरं नाही. रागाला जायला एक रस्ता असला की माणसं त्या रस्त्याने जातात. गिरणगावात संप मोडला, तो रस्ता बंद झाला, तेव्हा दुसरे दरवाजे उघडले.

कोपरीकर | दुपारी ३.२२

दिबांचं नाव निघालं, आता विमानतळ येणार.

संपादक | दुपारी ३.३०

नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव देण्यावर वेगळे चार धागे आहेत. इथे नको. आधीच सांगतोय.

वागळे_इस्टेट | दुपारी ४.०५

दिवाळेगावकर, हा विचार केला नव्हता. अर्धा मान्य. पण मग साडेबारा टक्क्यांचे पैसे आल्यावर तुमच्याकडे 'सप्लायर' कसे उगवले ते पण सांगा.

दिवाळेगावकर | दुपारी ४.४०

सांगतो, लाज कसली. मी स्वतः सिव्हिल काँट्रॅक्टर आहे. आता खंडणीला खंडणी म्हणत नाहीत. प्लॉटवर बुलडोझर आला की दुसऱ्या दिवशी चार जण येतात, नमस्कार करतात, चहा घेतात. "शेट, रेती-खडी आपल्याकडून." भाव बाजारापेक्षा वर, मापात ब्रासमागे घट. नाही म्हटलं तर गाडी गेटवर अडते, कामगार संध्याकाळी घाबरून येतात. एमआयडीसीत हेच भंगाराच्या ठेक्यावरून. बिल मिळतं, जीएसटीसकट! पोलिसात काय तक्रार करणार, की विटा महाग दिल्या? गोळी न झाडता जुन्या भाईंपेक्षा जास्त कमावतात. माझ्याकडेही आले होते. घेतली खडी. अजून घेतोय.

निवांत_नितीन | दुपारी ४.४६

जीएसटीसकट खंडणी. इनपुट क्रेडिट मिळतं का?

दिवाळेगावकर | दुपारी ४.५१

मिळतं.

ॲड_नौपाडा | संध्याकाळी ७.३०

धागाकर्त्याने विचारलंय, पडला कशाने. कोर्टात रोज उभा राहणारा माणूस म्हणून लिहितो.

१९९९ पर्यंत या लोकांना आत ठेवणं अवघड होतं, शिक्षा लावणं त्याहून अवघड. साक्षीदार फितूर व्हायचे. पंच 'मला आठवत नाही' म्हणायचे. शूटर पकडला तरी सांगणारा कोण, हे सिद्ध होत नसे, कारण सांगणारा त्या वेळी खरोखरच जेलमध्ये किंवा घरी पूजेला बसलेला असायचा. मग आला १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का. त्याने तीन-चार गोष्टी बदलल्या. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालू लागला. टॅप केलेले फोन चालू लागले. आरोपपत्राला १८० दिवस मिळाले. जामीन जवळजवळ बंद. आणि महत्त्वाचं म्हणजे एका गुन्ह्याकडे सुटं न बघता टोळीचं काम म्हणून बघता आलं. या कायद्याचा गैरवापरही भरपूर झालाय, मी स्वतः तशा केसेस लढल्यात, पण तो वेगळा धागा.

आता तारखा बघा. १९९७ मध्ये गवळीने अखिल भारतीय सेना हा पक्ष काढला. २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार. म्हणजे चढणीचं टोक. आणि २ मार्च २००७ ला घाटकोपरच्या असल्फ्यात शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना घरात घुसून गोळी घातली. कारण काय? दाऊदचं वैर नाही, टोळीयुद्ध नाही. जमिनीच्या व्यवहारावरून कोणीतरी दिलेली ३० लाखांची सुपारी. २००८ मध्ये अटक, २०१२ च्या ऑगस्टमध्ये मोक्का कोर्टाची जन्मठेप, २०१९ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली. मुंबईतल्या एका फ्लॅटच्या किमतीच्या सुपारीवर सगळं साम्राज्य आत गेलं.

आणि रीलवाल्यांना सांगा, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिलाय तो जामीन आहे. सतरा वर्षांहून जास्त काळ आत काढला, अपील अजून पडून आहे, म्हणून दिलाय. निर्दोष सुटका नव्हे.

मीनल_डोंबिवली | संध्याकाळी ७.५५

@भगवा_वादळ, जामसांडेकर कोण होते मग? मराठी. शिवसेनेचे. आपल्याच घरात होते.

भगवा_वादळ_९९ | रात्री ८.२०

ताई, त्याचं समर्थन मी कुठे केलं? मी फक्त त्या काळचं बोलतोय. एकाच वेळी दोन्ही खरं असू शकतं.

खारघरची_ताई | रात्री ९.१०

अवांतर : आमच्याकडे तळोजा जेल जवळ, त्यामुळे रिक्षावाल्यांकडे एकेक किस्से. अबू सालेम पोर्तुगालमधून आणलेला, २०१३ मध्ये त्याच्यावर या जेलमध्येच गोळी झाडली होती, दुसऱ्या एका कैद्याने. हातावर निभावलं. आमचं त्या वेळी नवीन घराचं बुकिंग चाललं होतं. सासूबाई म्हणाल्या, "जेलच्या आत बंदूक जाते आणि आपल्या सोसायटीत फूड डिलिव्हरीवाल्याला वर सोडत नाहीत."

कोपरीकर | रात्री ९.१८

सासूबाईंना दंडवत.

रच्याकने, नागपूर जेलमध्ये गवळीने गांधी विचारांची परीक्षा दिली होती. ८० पैकी ७४ मिळाले. वर्तमानपत्रात आलं होतं.

निवांत_नितीन | रात्री ९.२५

उरलेले सहा मार्क अहिंसेचे गेले असतील.

वागळे_इस्टेट | रात्री ९.३३

=)) =))

चिंचपोकळीचा_जावई | ६ सप्टेंबर, सकाळी ८.५०

(आज अनंत चतुर्दशी, लालबागचे रस्ते बंद, त्यामुळे घरीच.) वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण कायदा हा शेवटचा धक्का. खालची माती आधीच सरकली होती.

एक : सोनं. हाजी मस्तान काय, दाऊद काय, पहिला पैसा सोन्या-घड्याळांच्या तस्करीचा. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, १९९२ पासून परदेशातून येणाऱ्यांना शुल्क भरून सोनं आणता येऊ लागलं. चोरट्या सोन्यातला नफा आटला. मग उरलं काय? खंडणी आणि जमीन.

दोन : गिरण्यांची जमीन. संप संपला नाही पण गिरण्या संपल्या. लोअर परळला एकेक चौरस फूट सोन्याच्या भावाने जाणार हे सगळ्यांना दिसू लागलं. मालकांना जमीन विकायला कामगारांची संमती हवी, मग ती मिळवून देणारे हात हवे. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव महालक्ष्मीला गाडीत असताना गोळ्या घालून मारले गेले. त्याच्या मागे अमर नाईक टोळी असल्याचं तेव्हा पोलीस सांगत होते, आणि कारण गिरणीच्या जमिनीचं. अमर नाईक १९९६ मध्ये चकमकीत गेला. ज्या गिरण्यांनी यांना पोरं पुरवली, त्याच गिरण्यांच्या जमिनीवरून हे एकमेकांना मारत होते. कामगार मधल्या मध्ये.

आणि कामगारांना काय मिळालं? लॉटरीतली घरं. माझ्या सासऱ्यांना २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळ कोनला लागलं. किल्ली मिळेपर्यंत सासरे नव्हते. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतायत. जुलैमध्ये आझाद मैदानात म्हातारी माणसं पावसात बसली होती त्यासाठी.

चाळीत न्याय मिळायचा म्हणतात ना? हा एवढा मोठा न्याय कोणत्याच भाईच्या दरबारात लागला नाही.

सातरस्त्याचा_पाहुणा | सकाळी ११.१५

जावई, शेवटचं वाक्य वाचून एक गोष्ट लिहायचा धीर झाला. कोणता भाई ते लिहीत नाही, गिरणगावात तेव्हा गल्लीगणिक होते, आणि तो आता हयातही नाही.

माझ्या मामाची खोली. भाडेपावती आजोबांच्या नावावर. आजोबा गेल्यावर मामाचा चुलतभाऊ उभा राहिला, "पागडी माझ्या बापाने भरली होती" म्हणून. धोबी तलावच्या लघुवाद कोर्टात सात वर्षं तारखा चालल्या. दोघंही गरीब, दोघांचे वकील गरीब. शेवटी १९८९ मध्ये चुलतभाऊ भाईकडे गेला. एका संध्याकाळी दोन पोरं मामाला बोलवायला आली, "चहा प्यायला या."

वीस मिनिटांत मांडवली झाली. खोली चुलतभावाची, मामाला पंचवीस हजार. भाई अगदी शांतपणे बोलला, मामाला खुर्ची दिली, चहा खरोखरच दिला. मामा "जी" म्हणाला. पंचवीसमधले अकरा हजार हातात पडले, बाकी 'नंतर'. मामा बायको आणि दोन पोरींना घेऊन दिव्याला गेला. तेव्हा दिव्याला ना पाणी ना रस्ता, स्टेशनवरून चिखलातून जायचं.

अख्ख्या चाळीत त्या न्यायाचं कौतुक झालं. कोर्टाला सात वर्षांत जमलं नाही ते भाईने वीस मिनिटांत केलं! माझे वडीलसुद्धा तेच म्हणायचे, मामासमोर नाही, पण म्हणायचे. आणि मी, तेव्हा बारा वर्षांचा, मलाही भाई भारीच वाटला होता. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

ॲड_नौपाडा | सकाळी ११.४०

त्या वीस मिनिटांवर अपील नसतं. कोर्टात हरलेला माणूस निदान वर जाऊ शकतो, न्यायाधीशाला शिव्या देऊ शकतो. भाईच्या दरबारात हरलेल्याला चहा प्यावा लागतो.

भगवा_वादळ_९९ | दुपारी १.०५

पाहुणे, वाचलं. काही बोलत नाही.

मीनल_डोंबिवली | दुपारी १.३०

मामांना भेटा. मुलाला घेऊन जा. इथे आम्ही कायदे सांगून उपयोग नाही.

कोपरीकर | दुपारी १.३४

मीनलना अनुमोदन. आणि येताना दिव्याहून लोकलमध्ये चढून दाखवा, भाई वगैरे सगळं विसराल.

टेंभीनाका_टवाळ | संध्याकाळी ५.२०

पूर्ण धागा वाचला नाही, पण छोटा राजनबद्दल कोणी कसं लिहिलं नाही? चेंबूरला थिएटरबाहेर ब्लॅकची तिकिटं विकणारा, २०१५ मध्ये बालीत पकडला गेला, पत्रकार जे. डे यांच्या खुनात २०१८ मध्ये जन्मठेप. तोही शेवटी कोर्टातच अडकला.

वागळे_इस्टेट | संध्याकाळी ५.४१

पूर्ण धागा वाचा हो. चांगला झालाय.

टेंभीनाका_टवाळ | संध्याकाळी ५.४४

विसर्जनाच्या रांगेत उभा आहे, मासुंदा तलावावर. ढोल थांबला की वाचतो.

सातरस्त्याचा_पाहुणा | ७ सप्टेंबर, रात्री ८.१५

मीनल, ऐकलं तुमचं. आज सकाळी चिरंजीवांना घेऊन दिव्याला गेलो. ग्रहणाचे वेध दुपारपासून, म्हणून मामीने साडेअकरालाच पानं वाढली. अळूवडी, वालाचं बिरडं, आणि पोरासाठी मुद्दाम बटाट्याची भाजी.

जेवताना पोराने थेटच विचारलं, "मामाआजोबा, तुमची खोली भाईने घेतली ना? तुम्ही का दिलीत?" मला वाटलं आता बघावं लागणार. मामा ७४ वर्षांचा आहे, या विषयावर पस्तीस वर्षांत एक शब्द नाही. तो ताटाकडे बघत म्हणाला, "दोन पोरी होत्या घरात." एवढंच. आणि भात मागितला.

पोरगा गप्प झाला. मीनल, तुमच्या बाबांचा फोन मी त्याला येताना लोकलमध्ये सांगितला, नाव न घेता. आंब्याच्या पेटीला तो हसला आणि मग हसायचा थांबला. 'आपले का' हा प्रश्न त्याने परत विचारला नाही, मीही काढला नाही. रील मात्र अजून बघतोय, खोटं कशाला सांगू.

जेवणानंतर त्याने विचारलं, "खोली केवढी होती?" मामा म्हणाला दहा बाय बारा. तुमच्या पिढीला दहा बाय बारा म्हणजे किती ते कळत नाही म्हणून तो उठला, टाइल्सवर पावलं टाकत मोजायला लागला. इथे खाट, इथे फळी, इथे बाबांचा रेडिओ, इथे मी झोपायचो. पोराने मोबाईलमधलं मोजायचं काहीतरी उघडून मागे मागे टेप धरल्यासारखं चालायला सुरुवात केली. पडदा होता तिथे मामा थांबला आणि दोन पावलं बाजूला सरकला, अजून तिथे पडदा असल्यासारखा.

मग मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोरी धरून दहा बाय बारा." मामा म्हणाला, "मोरी सोडून." मामी म्हणाली, "मी धुणं धुतलंय तिथे अकरा वर्षं, मला सांगताय?" त्यावरून जे सुरू झालं ते आम्ही निघेपर्यंत चालू होतं. माहेरची बाजू म्हणून आईला फोन लावला, ती म्हणाली, सोडून. पोरगा मामीच्या बाजूने आहे.

कोपरीकर | रात्री ८.२२

मोरी धरूनच असते हो. मामींना सांगा, कोपरीचा पाठिंबा.

चिंचपोकळीचा_जावई | रात्री ८.३०

आमच्या सासुरवाडीला सोडून होती.